गठ्ठ्यानं विकण्याआधी: सांगलीतल्या बंद रेकॉर्ड-कॅसेटच्या दुकानाचं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत गणपती पेठेजवळ वडिलांचं रेकॉर्ड-कॅसेटचं दुकान, काही वर्षांपासून कुलूपबंद. आत पाचशेच्या आसपास एलपी आणि ईपी (विनाइलच्या मोठ्या आणि लहान रेकॉर्ड), दोनेकशे जुन्या लाखेच्या तबकड्या आणि कधी मोजल्याच नाहीत अशा कॅसेटी. 2019 च्या पुरात खालचे दोन खण भिजले आणि तसेच वाळले. मुंबईचा एक व्यापारी सगळा माल एकरकमी मागतोय. विकावा, की दुकान पुन्हा उघडता येईल?

एकरकमी आत्ता देऊ नका, आणि दुकान पूर्वी होतं तसं उघडूही नका. नुसत्या रेकॉर्ड विकून सांगलीत गाळ्याचं भाडं सुटत नाही. पण अशा दुकानाची कमाई पूर्वीसुद्धा नुसत्या मालावर नव्हती, हे वडिलांच्या वह्या चाळल्यात तर दिसेल. एचएमव्हीच्या तबकडीवर जे सुटायचं ते सुटायचंच, पण 1980 च्या दशकात खरा रोजचा गल्ला ‘कॅसेट भरून देण्या’वर चालायचा. गिऱ्हाईक गाण्यांची चिठ्ठी आणि कोरी सी-60 किंवा सी-90 (साठ किंवा नव्वद मिनिटांची) कॅसेट ठेवून जायचं आणि दोन दिवसांनी न्यायला यायचं. शिवाय कॅसेट डेकचं हेड (टेप वाचणारा भाग) साफ करणं, सुई बदलणं, अडकलेली टेप सोडवणं. ही सेवेची बाजू आधी एमपी-थ्रीच्या सीडीनं खाल्ली, मग मेमरी कार्ड भरून देणाऱ्या मोबाइलच्या टपऱ्यांनी, आणि 2016 नंतर स्वस्त डेटा आल्यावर कार्ड भरणारेही बसले. त्याच वर्षी मुंबईत काळा घोड्यासारख्या मोक्याच्या जागेवरचं ऱ्हिदम हाउस बंद झालं. म्हणजे जागा चांगली, नाव मोठं, एवढ्यावर हा धंदा तरत नाही. तरायचा असेल तर सेवेवरच. आणि ती सेवा आता वेगळी आहे: जुन्या घरगुती कॅसेटींचं डिजिटल रूपांतर, रेकॉर्ड धुऊन देणं, प्लेअरची डागडुजी. दुकानातला माल हे त्याला जोडलेलं भांडवल.

आधी निवडणी. या टप्प्यावर काहीही पुसू नका आणि मुख्य म्हणजे काहीही वाजवून बघू नका. जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर तर एलपी ठेवूच नका. त्याच्या साउंडबॉक्सचं, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीचं, वजन शंभर ग्रॅमच्या वर असतं आणि सुई पोलादी, तर एलपीला दीड ते अडीच ग्रॅमचा भार पुरतो. एका फेरीत खाचा खरवडून निघतात. टेबलावर जुनी चादर, वही, मऊ पेन्सिल आणि मोबाइल घ्या. प्रत्येक तबकडीच्या दोन्ही लेबलांचा फोटो काढा आणि लेबलवरचा क्रमांक वहीत लिहा. एलपीच्या बाबतीत लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला क्रमांकही टिपा. टॉर्च तिरपा धरला की तो वाचता येतो. ईसीएलपी, थ्री-एईएक्स, ईएएलपी असे एचएमव्हीचे आद्याक्षरी क्रमांक हीच मालाची खरी ओळख आहे. कव्हर अदलाबदल झालेलं असतं, क्रमांक नाही.

लाखेच्या तबकड्या वेगळ्या काढा. ओळख सोपी आहे: नखानं कडेला टिचकी मारली की चिनीमातीच्या बशीसारखा आवाज येतो, वजन जास्त, आणि दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपते. एचएमव्हीच्या ‘एन’, कोलंबियाच्या ‘जीई’, ट्विनच्या ‘एफटी’ मालिका सर्रास सापडतील. ओडियन आणि यंग इंडिया ही लेबलं दिसली तर त्यांचा गठ्ठा निराळा बांधा. यंग इंडिया ही मुंबईची देशी कंपनी. तिच्या ध्वनिमुद्रिकांत मराठी रंगभूमीवरचे गायक बरेच आहेत आणि त्यातलं पुष्कळसं पुढं एलपीवर आलंच नाही. सांगलीत असा माल निघण्याची शक्यता इतर गावांपेक्षा जास्त. बालगंधर्वांचं नागठाणे याच जिल्ह्यातलं, मास्टर दीनानाथांचं बिऱ्हाड सांगलीत, उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिलेले. त्यांच्या तबकड्या घेणारी घरं इथंच होती. खाँसाहेबांच्या ओडियनवरच्या ध्वनिमुद्रिका पुढं दुसऱ्या लेबलवरही पुन्हा निघाल्या, त्यामुळे नाव तेच असलं तरी मूळ छाप आणि नंतरची छाप यांच्या किमतीत फरक पडतो. लेबल झिजून गेलं असेल तर शेवटची काही सेकंदं महत्त्वाची. सुरुवातीच्या काळातल्या कित्येक गायिका गाणं संपताच इंग्रजीत स्वतःचं नाव सांगत. ते ऐकून ओळख पटते, पण ते योग्य सुई बसवल्यावर, आत्ता नाही.

आता कॅसेटी. यात माझं मत व्यापाऱ्याच्या मताच्या बरोबर उलटं आहे. तो हिंदी चित्रपटांच्या एलपी आधी उचलेल, कॅसेटींकडे बघणारही नाही, फार तर ‘भंगारात घालतो’ म्हणेल. हिंदी चित्रपटांच्या एलपींना गिऱ्हाईक रोख मिळतं, हे खरं. त्या विका, त्यांच्या पैशांतून बाकीचं काम उभं राहील. पण मोठ्या कंपन्यांच्या लाखो प्रतींनी निघालेल्या कॅसेटी बाजूला काढल्यावर जो ढीग उरतो, म्हणजे तमाशाचे वग, भारुडं, पोवाडे, गावच्या जत्रेतलं कीर्तन, स्थानिक भजनी मंडळांनी थोड्या प्रती काढून विकलेल्या, झेरॉक्सच्या कागदाचं कव्हर घातलेल्या कॅसेटी, त्यातल्या अनेकांची दुसरी प्रत कुठंही नसण्याची शक्यता आहे. बाजारभाव जवळपास शून्य आणि परत मिळणं अशक्य, अशी ही जात. या ढिगाला कुणालाही हात लावू देऊ नका. हाच ढीग हातानं लिहिलेल्या कॅसेटींनी भरलेला असेल तर प्रत्येकीवरचं लिखाण जसंच्या तसं वहीत उतरवा. पेनची शाई फिकी होते.

भिजलेल्या खणांचं काम सगळ्यात किचकट. कृष्णेचा गाळ बारीक असतो. वाळल्यावर तो खाचांत पॉलिशपेपरचं काम करतो. म्हणून कोरड्या फडक्यानं पुसणं म्हणजे रेकॉर्ड हातानं घासून खराब करणं. एन-95 मास्क लावून, घराबाहेर, वाऱ्याला पाठ करून काम करा, कारण बुरशी नक्की असणार. कव्हर तबकडीला चिकटलं असेल तर ओढू नका. एलपी असेल तर कव्हरसकट साध्या थंड पाण्यात ठेवा, कागद सुटेल तसा सोडवा. कव्हर वाचवायचं की तबकडी, हा निर्णय तिथंच करावा लागतो, आणि बहुतेक वेळा तबकडी. लाखेची तबकडी मात्र भिजत घालायची नाही. तिच्यात लाखेबरोबर खडूसारखी खनिज पूड असते, ती ओल धरते आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. तिला वाहत्या पाण्याची झटपट धार, लगेच मऊ सुती कापडानं टिपणं, आणि सावलीत उभी वाळवणं. उन्हात दोन्ही जाती वाकतात. विनाइलची एलपी बंद काचेमागं दुपारभर राहिली तरी पुरे.

धुण्याचा घोळ इथंच जास्त होतो. एलपीसाठी मिश्रण असं: 800 मिली शुद्ध पाणी, 200 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोटो धुण्याच्या कामात वापरतात त्या वेटिंग एजंटचे चार-पाच थेंब. तो मिळाला नाही तर वास आणि रंग नसलेल्या भांड्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब, पण मग शेवटी शुद्ध पाण्यानं दोनदा खळबळून घ्या. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल अजिबात लावायचं नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतारकामातलं पॉलिश त्यातूनच होतं. एकदा बोळा फिरवला की त्या पट्ट्यातलं गाणं कायमचं गेलं. तिथं फक्त शुद्ध पाणी आणि साबणाचा एखादा थेंब. ‘शुद्ध’ म्हणजे बोअरचं गाळलेलं नव्हे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार खाचांत वाळतात आणि धुतल्यावर रेकॉर्ड आधीपेक्षा जास्त चरचरते, मग लोक म्हणतात धुऊन काही उपयोग नाही. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घेणार असाल तर टीडीएस मीटरनं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) तपासा. दहाच्या खाली आकडा हवा, सगळ्या कॅनमध्ये तो सारखा नसतो. ब्रश मऊ, चित्रकलेचा रुंद असतो तसा, आणि नेहमी खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा नाही. लेबल कोरडं ठेवण्यासाठी बसक्या झाकणाखाली रबराची चकती घालून वर दाबा. भांड्यांच्या जाळीत उभ्या वाळवा. वाळल्यावर जुन्या कागदी पिशवीत परत घालू नका, तीच धुळीचं घर असते. जुनी जाहिरातीची पिशवी कव्हरमध्ये मागं ठेवा आणि तबकडीला पॉलिथिनची नवी पिशवी. चकचकीत पीव्हीसीची पिशवी टाळा. त्यातलं प्लॅस्टिसायझर विनाइलवर धुकट डाग सोडतं आणि तो धुऊन जात नाही.

ठेवणं नेहमी उभंच. आडवी रचलेली चवड खालच्या तबकड्यांना वाकवते. कव्हरसकट एलपीचं वजन पाव किलोच्या आतबाहेर, म्हणजे पाचशेचे सव्वाशे किलो होतात. एका फुटाच्या फळीत सत्तरएक मावतात आणि भार अठरा किलोच्या आसपास जातो. साधी प्लायची फळी तीन फुटांवर आधार न देता टाकली तर पोट काढते. फळीला दर दीड फुटाला उभा आडोसा द्या. आणि सांगलीचं म्हणून एक: फडताळाऐवजी दोन्ही बाजूंना मुठी असलेले खोके करा, एकात पन्नास एलपी, एका माणसाला जिन्यावरून उचलता येतील असे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट धरतात. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली आणि पुलाजवळ पाणी 40 ला टेकलं की खोके वर न्यायचे, 45 ची वाट बघायची नाही. लाखेच्या तबकड्या आणि तो स्थानिक कॅसेटींचा ढीग पहिल्यापासूनच वरच्या मजल्यावर.

प्रतवारीत स्वतःशी प्रामाणिक राहा. बाजारात नवी-जशी, फार चांगली, चांगली, बरी अशा पायऱ्या इंग्रजी अक्षरांनी चालतात. विकणारा नेहमी एक पायरी वर लिहितो आणि परतीचं पार्सल येतं. तबकडी दिव्याखाली तिरपी धरा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर ती ‘नवी-जशी’ नाहीच. नखाला न लागणाऱ्या बारीक रेघा बहुतेकदा ऐकू येत नाहीत. भाव ठरवताना डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या वेबसाइटवर ‘काय मागतात’ ते न पाहता ‘कितीला गेली’ ते पाहा, आणि तेही त्याच क्रमांकाच्या त्याच छापाचं.

कॅसेटीचं काम हातानं शिकण्यासारखं आहे. प्रत्येक कॅसेट लावण्याआधी खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे बघा. कडेला पांढरी भुकटी किंवा धागे दिसले तर ती बुरशी. ती डेकमध्ये घातली की पुढच्या दहा कॅसेटींना लागते. मग टेपच्या अगदी मध्यावर हेडला टेकवणारी फेल्टची छोटी गादी पाहा. सांगलीच्या हवेत तिचा गोंद सुकतो, गादी गळून डबीत फिरत असते आणि आवाज एका बाजूनं बसल्यासारखा येतो. पाच स्क्रूंची डबी असेल तर टेबलावर पांढरा कागद घालून, खिडकीची बाजू वर ठेवून सावकाश उघडा. दोन बाजूंचे छोटे रोलर आणि खालचा गुळगुळीत पातळ कागद यांची जागा उघडल्याबरोबर फोटोत धरा, कारण ते लगेच हलतात. गादी मुळात धातूच्या पातळ स्प्रिंगवर चिकटवलेली असते. दुसऱ्या निकामी कॅसेटीतून स्प्रिंगसकट पट्टी काढून बसवणं हे नव्या गोंदापेक्षा भरवशाचं. सांधा सुटला असेल तर 3.81 मिलिमीटर रुंदीची स्प्लायसिंग टेपच वापरा. साध्या चिकटपट्टीचा गोंद पाझरतो आणि शेजारच्या वेढ्याला चिकटतो. स्क्रू नसलेली, जोडून टाकलेली डबी सुरीनं शिवणीवर फोडायची आणि टेप रिकाम्या स्क्रूच्या डबीत हलवायची. म्हणून जुन्या रद्दी कॅसेटींतून पाच-पन्नास स्क्रूच्या डब्या राखून ठेवा.

वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे वर्षानुवर्षं बसलेला ताण सारखा होतो. डेकचं हेड दर पाच-सहा कॅसेटींनंतर 99 टक्के आयसोप्रोपिलच्या कापसानं पुसा. रबराच्या रोलरला अल्कोहोल वारंवार लावलं तर तो कडक होतो, त्याला साबणाच्या पाण्याचा ओलसर बोळा पुरे. आवाज गादीखाली दबल्यासारखा आला तर बहुतेक वेळा दोष टेपचा नसून हेडच्या कोनाचा असतो. हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला बारीक स्क्रू पाव फेऱ्याहून कमी, कान लावून, झांजा-टाळ सगळ्यात स्वच्छ येतील तिथवर फिरवा. भजनाच्या कॅसेटी यासाठी उत्तम, टाळ लगेच सांगतात. डेकच्या लाइन-आउटमधून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये, तिथून संगणकावरच्या ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, सगळ्यात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास. एका तासाला साधारण एक जीबी जागा लागते. मूळ फाइल जशी आली तशी ठेवायची. सळसळ कमी करण्याचे प्रयोग तिच्या नकलेवर. हे काम जितका वेळ कॅसेट तितका वेळ चालतं, घाई नाही, म्हणून दर ठरवताना कॅसेटीमागे नव्हे, मिनिटांमागे ठरवा आणि दुरुस्ती वेगळी लावा.

लाखेच्या तबकड्यांसाठी सुई वेगळी, तीन मिल म्हणजे साधारण 75 मायक्रॉन टोकाची, भार तीन ते पाच ग्रॅम. स्टिरिओ एलपीची 18 मायक्रॉनची सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी जाऊन खरखर वाचत बसते. गतीही मिनिटाला 78 फेऱ्यांचीच असेल असं धरून चालू नका. विजेवरचं ध्वनिमुद्रण 1925 च्या सुमारास आलं, त्याआधीच्या तबकड्या कमीजास्त गतीवर कापलेल्या असतात. नाट्यगायक कुठल्या पट्टीत गात हे जाणणारा जुना ऑर्गनवाला मिरज-सांगलीत अजून सापडतो, त्याला बोलवा. साथीच्या पेटीचा सूर पट्टीला जुळेपर्यंत गती हलवायची. सुटकेसमधले स्वस्त प्लेअर यातल्या कशालाच उपयोगाचे नाहीत. पितळी कर्ण्याचे ‘जुने’ ग्रामोफोन तर बहुतेक नवेच जुळवलेले असतात, त्यांत पैसे घालू नका. उलट घराघरांत पडलेले एचएमव्ही आणि फिलिप्सचे प्लेअर दुरुस्तीला येतील. त्यांतल्या जुन्या क्रिस्टल कार्ट्रिजमधलं (सुई बसवलेल्या भागातलं) रॉशेल सॉल्ट दमट हवेनं मेलेलं असतं. ते दुरुस्त होत नाही, सिरॅमिक कार्ट्रिज घालावं लागतं.

कायद्याचा भाग नीट पाळा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षारंभापासून 60 वर्षं चालतो. कवी आणि संगीतकाराचा हक्क मात्र निराळा, तो त्यांच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. म्हणून तबकडी जुनी झाली तरी गाणं मोकळं झालं असं नाही. पेनड्राइव्हवर गाणी भरून विकणं हा गुन्हा आहे, त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड अशी तरतूद आहे. पूर्वीच्या ‘भरून देण्या’कडे कुणी बघितलं नाही, म्हणून आता बघणार नाहीत असं नाही. पैसे घेऊन रूपांतर करायचं ते गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या मुद्रणाचं: आजीच्या ओव्या, लग्न, बारसं, मंडळाचं स्वतःचं भजन. याला गिऱ्हाईक आहे. विटा-आटपाडीकडची गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली कुटुंबं देशभर पांगलेली आहेत आणि घरच्या आवाजाच्या कॅसेटी त्यांच्याकडे आहेत. जत्रेला गावी येतात तेव्हा फलक दिसला पाहिजे. स्थानिक तमाशा-कीर्तनाच्या कॅसेटींसाठी फडमालकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या, मगच पुढं काही. दुकानात स्पीकरवर दिवसभर गाणी लावायची असतील तर परवान्याचं शुल्क भरावं लागतं. हेडफोनवर एकाला ऐकवणं हे तसंही जास्त कामाचं, कारण तो ऐकून घेतो आणि भांडत नाही.

आठवणींचं गिऱ्हाईक फसवं असतं, हे लक्षात ठेवून गाळा लहान घ्या. दुकानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला की शंभर अंगठे येतात आणि आठवड्याला एकजण पायरी चढतो. पूर्ण दिवस उघडं ठेवण्याची गरज नाही. शनिवार-रविवार दुकान, बाकीचे दिवस आत धुणं आणि रूपांतर, आणि विक्री मुख्यतः पार्सलनं. मात्र दुसऱ्या राज्यात माल विकला की उलाढाल कितीही छोटी असो, जीएसटी नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात फक्त माल विकलात तर 40 लाखांपर्यंत नाही, पण सेवाही देत असाल तर ही मर्यादा 20 लाखांची. जुन्या, म्हणजे आधी वापरलेल्या मालावर खरेदीचं क्रेडिट घेतलं नसेल तर कर पूर्ण किमतीवर न लागता नफ्याच्या फरकावर लावता येतो, सीएला ते आधीच विचारा. वडिलांच्या साठ्याची खरेदीची बिलं सापडली तर फाडू नका.

व्यापाऱ्याला आत्ता सांगा: यादी होईपर्यंत थांबा. यादी झाल्यावर हिंदी चित्रपटांच्या एलपींचा एक गट, बाकी एलपी-ईपींचा दुसरा, असे स्वतंत्र भाव मागा आणि ‘उरलेलं सगळं’ असा शब्द व्यवहारात येऊ देऊ नका. खरा माल त्याच शब्दाखाली जातो. लाखेच्या तबकड्या त्याला टेम्पोत आडव्या टाकून नेऊ देऊ नका. प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंना नालीदार पुठ्ठा, घट्ट बांधलेला गठ्ठा उभा, आणि तो मोठ्या खोक्यात चहूबाजूंनी दोन इंच भरावात. एलपी पाठवताना तबकडी कव्हरमधून काढून कव्हरच्या मागं ठेवायची, नाहीतर धक्क्यानं तीच कव्हरची शिवण फाडते. दोन पुठ्ठे नाल्या एकमेकांना आडव्या येतील असे. परदेशातून मागणी आली तर 1920 च्या आसपासच्या तबकड्यांबाबत थांबा: शंभर वर्षांवरच्या वस्तूंना पुरावस्तूंचा कायदा लागू होऊ शकतो, पुरातत्त्व खात्याचा दाखला घेतल्याशिवाय त्या देशाबाहेर पाठवू नका.